तीन टिंबांचा ओढा

अमेरिकेच्या जुन्या टोपोशीटवर जांभळा रंग दिसला की मी जरा सावध होते.

बाकीच्या रंगांवर माझा बऱ्यापैकी विश्वास आहे. काळा रंग माणसाच्या उद्योगांचा: घरं, रूळ, शाळा, दफनभूमी, नावं. निळा पाण्याचा. तपकिरी समोच्च रेषांचा, म्हणजे चढउताराचा. हिरवा झाडीचा. लाल मोठ्या रस्त्यांचा आणि जमीनमोजणीच्या चौकटींचा. जांभळा मात्र उशिरा आलेला पाहुणा. नकाशा छापून बरीच वर्षं झालेली असतात, मधल्या काळात काय बदललं ते बघायला परत माणूस पाठवणं परवडत नाही, म्हणून विमानातून काढलेले फोटो पाहून ऑफिसात बसल्या बसल्या जी भर घातली जाते, ती जांभळ्या शाईत. त्या रेषेपाशी कुणी स्वतः जाऊन उभं राहिलेलं नाही. आणि नकाशा हे लपवतही नाही, समासात बारीक अक्षरांत तसं छापलेलं असतं.

मोंटाना राज्यातल्या बिलिंग्ज शहरात, पाच-सहा जणांच्या एका ऑफिसात मी जुने नकाशे वाचते. जमिनीच्या आणि पाण्याच्या भांडणांत वकिलांना लागतात ते. मूळची मी इंदापूर तालुक्यातली. भूगोल घेऊन पुण्यात शिकले, मग इकडे आले. माझी नोकरी नेमकी काय आहे हे घरी समजावताना माझी दमछाक होते. 'गुगल मॅप असताना नकाशे वाचायला माणूस कशाला लागतो?' हा काकांचा प्रश्न. प्रश्न वाजवी आहे. आज रस्ता कुठे जातो ते गुगल सांगतो. १९१० साली या ओढ्याला ऑगस्ट महिन्यात पाणी होतं का, हे त्याला विचारून उपयोग नाही.

आणि मोंटानात हा प्रश्न लोकांच्या पोटाचा आहे.

इथला पाण्याचा कायदा अगदी सोपा आहे, म्हणून क्रूरही आहे. आधी आला त्याचा हक्क आधी. ओढ्याचं पाणी ज्याने पहिल्यांदा पाट काढून वापरलं, त्याचं वर्ष कागदावर येतं. दुष्काळात पाणी वाटून घ्यायचं नसतं. सगळ्यांत जुन्या वर्षवाल्याला त्याचं पूर्ण पाणी, मग पुढच्याला, मग त्याच्या पुढच्याला. शेवटच्यांच्या वाट्याला नुसताच पाट. आमच्याकडे पाटाची पाळी चुकली की दोन भावांत कुऱ्हाडी निघतात, त्यामुळे हे समजायला मला कायद्याचं पुस्तक लागलं नाही. मोंटानाने १९७९ साली ठरवलं की १ जुलै १९७३ पूर्वीचे पाण्याचे सगळे हक्क एकदा तपासून घ्यायचे. त्यासाठी वेगळं जल-न्यायालय काढलं. ३० एप्रिल १९८२ पर्यंत दावे मागवले आणि दोन लाखांहून जास्त दावे आले. त्यांची छाननी अजून चालू आहे. आमच्या ऑफिसची चूल त्यावरच पेटते.

मागच्या वर्षी असाच एक दावा माझ्याकडे आला. खोरं मसलशेल नदीचं. ओढ्याचं नाव सांगत नाही. रँचच्या मालकीण ऐंशीच्या घरातल्या. त्यांच्या आजोबांनी १९११ साली ओढ्यावर पाट काढला, असं त्यांचे कागद म्हणत होते. वरच्या अंगाच्या शेजाऱ्याचा हक्क १९१९ सालचा, म्हणजे नंतरचा. वर्षाबद्दल त्याची तक्रार नव्हती. त्याचं म्हणणं एवढंच, की या ओढ्याला जूननंतर कधी पाणीच नसतं. जे पाणी नव्हतंच ते आजोबांनी ऑगस्टात वापरलं कसं? तेव्हा बाईंचा हक्क जूनपर्यंतच धरावा. बाईंना गवताची दुसरी कापणी ऑगस्टच्या पाण्यावर मिळते. ती गेली तर हिवाळ्यात गुरांना चारा विकत घ्यायचा, नाहीतर गुरं विकायची. आणि त्यांचा हक्क शाबूत राहिला, तर ऑगस्टात शेजाऱ्याला आपल्या पाटाची फळी बंद करावी लागणार. त्याचीही दोन लहान मुलं आहेत, बँकेचं कर्ज आहे. आमच्या फायलींत खलनायक फार क्वचित सापडतो.

बाई पहिल्यांदा ऑफिसात आल्या त्या बगलेत नकाशाची गुंडाळी घेऊन. टेबलावर दोन शीट्स पसरली. एक शंभरहून जास्त वर्षांपूर्वीचं, दुसरं साठच्या दशकातलं. जुन्या शीटवर त्यांचा ओढा सलग निळ्या रेषेने काढलेला. नव्या शीटवर तोच ओढा तुटक: एक आडवी रेघ, तीन टिंबं, पुन्हा रेघ, पुन्हा तीन टिंबं. सलग रेष म्हणजे बारमाही. तीन टिंबं म्हणजे हंगामी.

'हे बघ पोरी,' जुन्या शीटवर बोट ठेवून त्या म्हणाल्या, 'सरकारनेच लिहून ठेवलंय. आजोबांच्या वेळी क्रिक वर्षभर वाहत होती.'

'क्रीक' नाही, 'क्रिक'. इथले जुने लोक तसंच म्हणतात.

*

त्यांना काय सांगायचं हे ठरवण्याआधी ती सलग रेष कुणी आणि कशी काढली हे बघणं भाग होतं.

अमेरिकेचं भूगर्भ सर्वेक्षण खातं, यूएसजीएस, १८७९ साली सुरू झालं. त्याचे दुसरे संचालक जॉन वेस्ली पॉवेल. यादवी युद्धात १८६२ साली शायलोच्या लढाईत त्यांचा उजवा हात गेला, आणि त्यानंतर सात वर्षांनी एका हाताने होडीतून ग्रँड कॅन्यन पार करणारा हा माणूस. पश्चिमेचा कोरडा प्रदेश त्यांनी पायाखाली घातला होता. १८७८ सालच्या अहवालात त्यांनी एक नकोशी गोष्ट लिहिली: या भागात पाऊस कमी आहे, सरकार देतं त्या १६० एकरांवर कुटुंब जगणार नाही. जनावरं पाळायची तर २,५६० एकर तरी हवेत, आणि प्रत्येकाला पाण्याचा काठ मिळेल अशी जमिनीची आखणी हवी. त्यासाठी आधी पाणी कुठे आहे हे कळायला हवं, म्हणजे आधी नकाशा हवा. १८८० च्या दशकात त्यांनी सगळ्या देशाचे स्थलदर्शक नकाशे काढण्याचं काम काँग्रेसकडून मंजूर करून घेतलं. आज त्या नकाशांकडे आपण ट्रेकला जायची सोय म्हणून बघतो. पश्चिमेत ते काढण्यामागे मोठा हिशोब पाण्याचा होता.

१८८९ साली मोंटाना राज्य व्हायच्या बेतात होतं, हेलेना गावात राज्यघटना लिहायला प्रतिनिधी जमले होते. पॉवेल तिथे गेले आणि म्हणाले, तुमच्या जिल्ह्यांच्या सीमा पाणलोटांप्रमाणे आखा. एका ओढ्याला मिळणारं पाणी एका जिल्ह्यात राहू दे, म्हणजे भांडणं तिथल्या तिथे मिटतील. प्रतिनिधींनी ऐकून घेतलं आणि सीमा आपल्या सोयीने आखल्या.

कारण जमिनीवर एक चौकट आधीच पडलेली होती. १७८५ च्या कायद्याने अमेरिकेने नव्या मुलखाचे सहा मैल बाय सहा मैल असे चौकोन पाडायला सुरुवात केली होती. एका चौकोनात ३६ सेक्शन, प्रत्येक सेक्शन एक चौरस मैल, म्हणजे ६४० एकर. मोजणी ६६ फुटांच्या साखळीने. सेक्शनच्या नंबरांची गंमत आहे: पहिली ओळ उजवीकडून डावीकडे, दुसरी डावीकडून उजवीकडे, तिसरी पुन्हा उलटी. नांगराला जुंपलेले बैल शेताच्या टोकाला वळतात तसे ते आकडे वळतात. डोंगर आला, दरी आली, ओढा आला तरी चौकट सरळच. टोपोशीटवर हे फार स्वच्छ दिसतं. लाल रेषा फूटपट्टीने आखलेल्या, आणि त्यांच्याशी काही देणंघेणं नसल्यासारखे निळे ओढे नागमोडी चाललेले. पॉवेल आणि काँग्रेस यांच्यातला वाद बघायचा असेल तर कुठलंही शीट उघडा, तो छापलेला आहे.

नकाशा काढायची पद्धत कष्टाची होती. तिपाईवर लाकडी फळा, त्याला प्लेन टेबल म्हणतात. फळ्यावर कागद, कागदावर अ‍ॅलिडेड नावाची दुर्बीण बसवलेली पट्टी. दूर एक जण आकडे रंगवलेली उंच पट्टी धरून उभा. दुर्बिणीतून पट्टी वाचायची, अंतर आणि उंची काढायची, कागदावर टिंब द्यायचं. अशी टिंबं झाली की समोरचा डोंगर बघत बघत समोच्च रेषा तिथेच, हाताने, पेन्सिलीने जोडायच्या. उन्हाळाभर मोंटानात घोड्यावर आणि तंबूत, हिवाळ्यात ऑफिसात बसून पक्का नकाशा. मग तो तांब्याच्या पत्र्यांवर उलटा कोरायचा, काळ्यासाठी एक पत्रा, निळ्यासाठी एक, तपकिरीसाठी एक. पश्चिमेतली सुरुवातीची कितीतरी शीट्स १:२,५०,००० प्रमाणावर होती. म्हणजे कागदावरचा एक सेंटिमीटर जमिनीवर अडीच किलोमीटर. त्या प्रमाणावर बाईंचा सगळा ओढा माझ्या करंगळीएवढा.

सर्वेक्षणाचा माणूस तिथे कोणत्या महिन्यात होता? त्या वर्षी बर्फ किती पडला होता? घोडा ओढ्यापर्यंत गेला, की ओढा टेकडीवरूनच बघितला? शीटवर यातलं काही नाही. समासात नकाशा काढणाऱ्याचं नाव आणि मोजणीचं वर्ष आहे, तारीख नाही.

यूएसजीएसचेच एकेकाळचे मुख्य जलशास्त्रज्ञ ल्यूना लिओपोल्ड यांनी या निळ्या रेषांचा छडा लावायचा प्रयत्न केला होता. नकाशावर ओढा कुठे सुरू होतो, कोणता दाखवायचा आणि कोणता गाळायचा, याला पाण्याच्या शास्त्रातला एखादा नियम लागू होतो का, हे ते शोधत होते. समाधानकारक असं काही हाती लागलं नाही. त्यांचा निष्कर्ष असा, की या रेषा काढणारे लोक कमी पगाराचे कर्मचारी होते, शास्त्रज्ञ नव्हते, आणि रेषा बऱ्याचदा काढणाऱ्याच्या डोळ्यांना बऱ्या दिसतील अशा काढलेल्या आहेत. मी हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा हसले होते. बाईंची फाईल समोर असताना हसू आलं नाही.

*

दुसऱ्या भेटीत मी त्यांना सरळ सांगितलं. जुन्या शीटवरची सलग रेष ऑगस्टातलं पाणी सिद्ध करत नाही. तशीच नव्या शीटवरची तीन टिंबंही पाणी नव्हतं असं सिद्ध करत नाहीत. शेजाऱ्याच्या वकिलाचा भर त्या टिंबांवर होता, त्यामुळे त्यांचा अर्धा दावाही तिथेच लंगडा पडत होता. पण बाईंना ते सांत्वन पुरेसं नव्हतं.

'म्हणजे सरकारने खोटं काढलं?'

'खोटं नाही,' मी म्हणाले. 'त्या माणसाला त्या दिवशी जे दिसलं, ते काढलं. तो एका दिवसाचा साक्षीदार आहे.'

त्या गप्प झाल्या. मग म्हणाल्या, 'तू तिथे आलेली नाहीस. ये एकदा.'

मी गेले. बिलिंग्जहून जाताना वाटेत ओढ्यांच्या नावांच्या पाट्या लागतात आणि मला त्या वाचायचा नाद आहे. या खोऱ्यात केअरलेस क्रीक आहे, म्हणजे बेफिकीर ओढा. स्विमिंग वुमन क्रीक आहे. कोरड्या, गवताळ घळीला इथे 'कूली' म्हणतात, तो शब्द फ्रेंचांचा. उथळ असेल तर 'ड्रॉ'. दक्षिणेत जाल तर स्पॅनिश 'अरोयो' लागतो. आपण नाही का ओढा, ओहोळ, नाला, वहाळ, पऱ्ह्या असं वेगवेगळं म्हणत? पाण्याच्या प्रत्येक स्वभावाला एक नाव. पण नकाशावरची नावं नेहमी टिकतातच असं नाही. मे १८०५ मध्ये लुईस आणि क्लार्क यांची मोहीम मसलशेलच्या मुखापाशी पोचली, तेव्हा तिला मिळणाऱ्या एका प्रवाहाला त्यांनी आपल्यासोबतच्या शोशोनी तरुणीचं नाव दिलं, साकागाविया. पाठीवर तान्हं मूल घेऊन ती त्यांच्याबरोबर चालत होती. पुढे कित्येक वर्षं त्याच ओढ्याला लोक क्रूकेड क्रीक म्हणत राहिले, वाकडा ओढा. आणि त्याआधी क्रो लोक या सगळ्या मुलखाला, त्यातल्या प्रत्येक पाण्याला काय म्हणत होते, ते तर बहुतेक शीटांवर आलंच नाही.

बाई मला त्यांच्या जुन्या पिकअपमधून ओढ्याच्या तोंडाशी घेऊन गेल्या. तिथे गवतातून एक रुंद, सपाट भराव सरळ रेषेत जात होता, दोन्ही बाजूंना उतार, वर बारीक खडी. रूळ नव्हते. नकाशावर याला 'ओल्ड रेलरोड ग्रेड' म्हणतात.

ही शिकागो, मिलवॉकी अँड सेंट पॉल रेल्वे, लोकांच्या भाषेत मिलवॉकी रोड. पॅसिफिक महासागरापर्यंतची आपली लाईन तिने १९०६ ते १९०९ या तीन वर्षांत टाकली. रेल्वे आली आणि तिच्यामागून गावं. नावंही तिनेच वाटली. या लाईनवरचं मेलस्टोन हे गाव असोसिएटेड प्रेस या वृत्तसंस्थेच्या मेलव्हिल स्टोन यांच्या नावावरून. इस्मे हे गाव रेल्वेच्या अध्यक्षांच्या दोन मुलींच्या नावांवरून, इझाबेला आणि मे. गावांना उतारू हवेत, मालगाड्यांना गहू हवा, म्हणून रेल्वेने पत्रकं छापून शेतकऱ्यांना बोलावलं. १९०९ साली सरकारने १६० चे ३२० एकर केले. पॉवेल यांनी सांगितलेल्या २,५६० च्या आठपटीने कमी. लोक आले, नांगर घातला, काही वर्षं पाऊसही बरा झाला. १९१७ पासून दुष्काळ पडला. १९२० ते १९३० या दशकात लोकसंख्या घटलेलं अमेरिकेतलं एकमेव राज्य म्हणजे मोंटाना.

हे सगळं शीटांवर वाचता येतं. जुन्या शीटांवर भरीव काळा चौकोन म्हणजे माणसं राहतात ते घर, पोकळ चौकोन म्हणजे गोठा किंवा कोठार. एकाच जागेची दोन वर्षांची शीट्स शेजारी ठेवून चौकोन मोजले की घरं किती उठली ते कळतं. शाळेचं निशाण आहे, आसपास एक घर नाही. पवनचक्की आहे, म्हणजे कधीतरी तिथे गुरांना पाणी पाजलं जायचं.

मिलवॉकी रोड तरी टिकेल असं कुणालाही वाटलं असतं. हार्लोटनपासून पश्चिमेला आयडाहो राज्यातल्या एव्हरीपर्यंत ४३८ मैल लाईनवर विजेची इंजिनं धावत होती, तीही पहिल्या महायुद्धाच्या काळात! १९७४ मध्ये, तेलाचे भाव भडकलेले असताना, कंपनीने विजेच्या गाड्या बंद केल्या. १९७७ च्या डिसेंबरात कंपनी दिवाळखोरीत गेली. मार्च १९८० मध्ये इथून शेवटच्या गाड्या गेल्या आणि रूळ उपटून विकले गेले. टेकड्या कापून, पूल बांधून केलेला नकाशावरचा सगळ्यांत ठाम काळा पट्टा सत्तरएक वर्षांत पुसला गेला. तीन टिंबांचा ओढा आहे तिथेच आहे.

त्या भरावावर उभी असताना मला आमच्याकडचा डिकसळचा पूल आठवत होता. भीमेवरचा इंग्रजांच्या काळातला रेल्वेपूल. उजनी धरण झालं, पाणी चढणार म्हणून पुणे-सोलापूर रेल्वेमार्ग हलवला, आणि त्या पुलावरून गाड्यांऐवजी मोटारी जाऊ लागल्या. धरण पुरं झालं तेही १९८० साली. आमच्या घरातली वडीलधारी माणसं बोलता बोलता अजून 'जुनी लाईन' म्हणतात आणि हात पाण्याकडे करतात. ती लाईन मी पहिल्यांदा कागदावर बघितली ती अमेरिकेत. १९५० च्या दशकात अमेरिकी लष्कराच्या नकाशा विभागाने भारताची १:२,५०,००० प्रमाणाची शीट्स काढली होती. टेक्सास विद्यापीठाच्या ग्रंथालयाने ती इंटरनेटवर ठेवली आहेत. त्यात भीमा आहे, नुसती नदी, धरणाआधीची, आणि तिच्याशेजारून जाणारी रेल्वे. मी स्क्रीनशॉट काढून घरच्या ग्रुपवर टाकला. संध्याकाळपर्यंत काकांनी फोनवर बोटाने खुणा करून मळे दाखवले होते. गुगल मॅपवाले तेच काका.

आपल्याकडे टोपोशीट हा प्रकार बराच काळ संरक्षणाच्या चष्म्यातून बघितला गेला. २००५ च्या धोरणाने लष्कराची आणि लोकांची शीट्स वेगळी केली, २०२१ मध्ये नियम बरेच सैल झाले. अमेरिकेत १८८४ पासून २००६ पर्यंतची पावणेदोन लाखांहून जास्त शीट्स स्कॅन करून कुणालाही फुकट उतरवून घेता येतात, फोनवरसुद्धा. ऐंशीच्या घरातली रँचवाली बाई नकाशा बगलेत मारून माझ्याशी भांडायला येऊ शकते, ते त्यामुळे. तिचं म्हणणं बरोबर की चूक हा पुढचा प्रश्न. भांडायला कागद तिच्या हातात आहे.

*

भरावाच्या कडेला बाईंनी मला एक काँक्रीटचं गोल कडं दाखवलं, गवतात अर्धं बुडालेलं. 'टाकी होती इथे,' त्या म्हणाल्या. 'वडील सांगायचे, इंजिनं पाणी प्यायला थांबायची.'

हार्लोटनच्या पूर्वेला विजेची लाईन नव्हती, वाफेची इंजिनं होती. वाफेच्या इंजिनाला कोळशाइतकंच पाणी लागतं आणि ते जूनमध्ये लागतं तसं ऑगस्टातही लागतं. टोपोशीटवर ही टाकी नव्हती. पण १९१३ साली अमेरिकेत असा कायदा झाला होता, की प्रत्येक रेल्वे कंपनीच्या मालमत्तेची किंमत सरकारने ठरवायची. त्यासाठी देशभरातल्या लाईनींचे मोठ्या प्रमाणावरचे नकाशे काढले गेले: प्रत्येक पूल, मोरी, शेड, नळ. त्यांच्या प्रती वॉशिंग्टनजवळ राष्ट्रीय अभिलेखागारात आहेत. आम्ही त्या तुकड्याची प्रत मागवली. पाच आठवड्यांनी आली.

टाकी होती. टाकीपासून एक नळ ओढ्यावरच्या छोट्या बंधाऱ्यापर्यंत गेलेला होता. रेल्वेने वर्षभर गाड्या चालवायला याच ओढ्यावर भिस्त ठेवली होती. तीन टिंबांवर टाकी बांधायला रेल्वे कंपनी खुळी नव्हती.

मी आनंदाने वकिलांना फोन केला. ते थोडा वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, 'ओढ्याला पाणी होतं हे यातून दिसतं. पण ते रेल्वे घेत होती, हेही दिसतं. आणि रेल्वे १९०८ मध्येच इथे होती.' म्हणजे आजोबांच्या १९११ च्या आधी. जो कागद पाणी दाखवत होता, तोच पाण्याला आणखी एक मालक दाखवत होता. कंपनी जाऊन चाळीसहून जास्त वर्षं झाली, तरी त्या जुन्या वापराचा अर्थ काय लावायचा यावर दोन वकील आणखी दोन वर्षं सहज काढू शकले असते, आणि त्या दोन वर्षांची फी गवतातूनच निघायची होती.

हे दोन्ही घरांना कळलं, तेव्हा ती एका टेबलाशी बसली. या न्यायालयातली पुष्कळ प्रकरणं अशीच आपसात मिटतात. ठरलं ते असं: ऑगस्टात ओढ्यात ठरावीक खुणेच्या वर पाणी असेल तोवर दोघांनी घ्यायचं. खाली गेलं की शेजाऱ्याने फळी टाकायची. अगदीच आटलं तर बाईंनीही गवताचं पाणी सोडून फक्त गुरांपुरतं घ्यायचं. बाईंना हवं होतं तेवढं मिळालं नाही. शेजाऱ्यालाही नाही.

खूण कुठे रोवायची हे ठरवायला मी पुन्हा गेले. या वेळी छापील नकाशा कामाचा नव्हता. यूएसजीएस २००९ पासून जे नवे नकाशे काढतं, ते संगणकातल्या माहितीवरून आपोआप तयार होतात. त्यात घरांचे चौकोन नाहीत, पवनचक्क्या नाहीत, भराव नाही. बाईंचं घरही नाही. म्हणून मी साठच्या दशकातल्या शीटचा तेवढाच तुकडा मोठा करून छापून नेला होता.

पिकअपच्या बॉनेटवर तो पसरला. बाईंनी खिशातून बॉलपेन काढलं आणि लिहायला लागल्या. इथे टाकी. इथे शाळा, मी तिसरीपर्यंत. इथे वडिलांची घोडी रुतली. हा झरा १९८८ च्या दुष्काळातही चालू होता. शेजारी हाताची घडी घालून बघत होता. झऱ्यापाशी आल्यावर तो म्हणाला, 'इथे नाही. वीसेक पावलं खाली, त्या विलोच्या पलीकडे.'

'मी इथे जन्मले,' बाई म्हणाल्या.

'मी काल तिथे पाइप टाकलाय.'

दोघं चालत गेली. मी नकाशा वाऱ्याने उडू नये म्हणून धरून उभी राहिले. पाच-दहा मिनिटांनी परत आली. बाईंचे बूट घोट्यापर्यंत ओले होते. त्यांनी आपली खूण खोडली, वीस पावलं खाली नवी काढली, शेजारी तारीख घातली, आणि पेन त्याच्या हातात दिलं. त्याने खाली सही केली.